पुण्यात गरम वारा शोधताना

सोलापूरहून निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि गाडीच्या हिटरचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. डिसेंबर होता खरा, पण सोलापूरचा डिसेंबर. सकाळी घटकाभर शाल गुंडाळायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत ती काढून खुर्चीवर टाकायची, एवढीच आमची थंडी. गाडी माझी. एका डॉक्टरांनी कंटाळून विकली आणि मी हौसेनं घेतली. मी भूगोल शिकवते. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई मी एकटीच असल्यामुळे नातेवाइकांतली सगळी लग्नं, दवाखाने आणि परीक्षा माझ्या वाट्याला येतात.

या वेळी परीक्षा होती माझ्या भाचीची, सुजाताची. ती कॉम्प्युटर इंजिनिअर झाली त्या सुमाराला पुण्यात कंपन्यांचं पेव फुटलं होतं. पेपरात रोज नवी जाहिरात यायची आणि सोलापूरची निम्मी पोरं शनिवारच्या गाडीनं पुण्याला मुलाखतीला जायची. सुजाताची अडचण एकच होती. कॉलेजात असतानाच तिला संधिवातानं गाठलं होतं. दिवसा ती कुणाहीसारखी टाइप करायची, पण गार सकाळी तिची बोटं मिटली की उघडत नसत. ऊब मिळाली की तासाभरात मोकळी व्हायची. मागच्या खेपेला ती रात्रीच्या बसनं पुण्याला गेली, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन. पिशवी वाटेत गळली, सर्टिफिकिटं भिजली आणि परीक्षेच्या टेबलावर तिला एक ओळसुद्धा धड टाइप करता आली नाही. या नव्या कंपनीची परीक्षाही सकाळीच होती, आणि तीही थेट कॉम्प्युटरवर.

निघताना माझी थोरली बहीण, म्हणजे सुजाताची आई, गाडीच्या खिडकीशी आली. मला म्हणाली, "विमल, कुणाला कळता कामा नये हं. आजारी मुलीला कोण नोकरी देणार? एकदा ऑर्डर हातात पडू दे, मग काय सांगायचं ते सांगू." मी हो म्हटलं. मलाही ते पटत होतं. पोरीला घरच्यासारख्या उबेत कंपनीच्या दारात नेऊन सोडायचं, आतलं ती बघून घेईल, असा माझा सरळ हिशेब होता.

इंदापूरच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं. भिगवणला जेवायला थांबलो. तिथे चिलापी (उजनीच्या पाण्यात मिळणारा काटेरी मासा) तळून देतात, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. सुजातानं काटे इतक्या सफाईनं काढले की मी तिच्या बोटांकडेच बघत राहिले. "मावशी, मासा खा. बोटं माझीच आहेत, कुठे जात नाहीत," ती म्हणाली. हॉटेलवाल्यानं बिल माझ्यापुढे ठेवलं आणि ड्रायव्हर जेवले का म्हणून विचारलं. मी म्हटलं, जेवले, अगदी पोटभर.

यवत सोडलं आणि दिवस कलला. उरुळीपासून हवा बदलली. उसाच्या रानातून गारठा रस्त्यावर यायला लागला तशी सुजातानं काचा वर केल्या, हात काखेत घातले आणि सहज म्हणाली, "हिटर लाव ना." मी लावला. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच लावला. भोकांतून वारा आला तो सरळ फ्रिजमधला. थोडा वेळ थांबून पाहिलं. लोणी गेलं, हडपसर आलं, तरी वाऱ्याचा स्वभाव बदलेना. शेवटी सुजातानं हात पुढे करून तो बंद केला आणि हात पुन्हा काखेत घातले.

खडकीत आमच्या चुलतभावाकडे उतरायचं होतं. अरुणदादा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. त्याची क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर मोठं कडुनिंबाचं झाड. दारात "जय भीम, जय भीम" झालं, वहिनीनं आधी सुजाताचे हात हातात घेतले आणि काही न विचारता चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं. जेवायला बाजरीची भाकरी, मेथी आणि तिळाची चटणी होती. दादा म्हणाला, "हिटर ना? काही नाही, थंड इंजिनाला वेळ लागतो. सकाळी अर्धा तास चालू करून ठेव, भट्टी होईल." परीक्षेला अजून मधला एक दिवस होता, म्हणून मला त्यात काही काळजीचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गाडी चालू करून ओट्यावर चहा घेत बसले. गवतावर दव होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. दादाचा अर्धा तास झाला, तापमानाचा काटा तळालाच. मी अजून थोडी कळ काढली. समोरच्या क्वार्टरमधून कानटोपी घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. दादाच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले हे सुपरवायझर, हे मला नंतर कळलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, धुराकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "बाई, आपण गाडी घेऊन कुठे जाणार आहात, की आम्हालाच धुरी देणार आहात?"

मी सांगितलं, इंजिन तापवतेय.

"असं का. मग तापल्यावर सांगा, आम्ही खिडक्या उघडू." एवढं बोलून ते आत गेले. सुजाता आतून हसत होती. मी गाडी बंद केली. हिटरचा वारा तेव्हाही गारच होता.

खडकी बाजारातल्या गॅरेजवाल्यानं आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. "साहेब नाहीत का बरोबर?"

"या गाडीला साहेब नाहीत. जे काय आहे ते मला सांगा."

त्यानं बॉनेट उघडलं, दोन पाइप हातानं दाबले, एक झाकण खोललं आणि समाधानानं म्हणाला, "हिटर उत्तम आहे. त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाही. इथला वॉल्व्ह काढून टाकलाय." मग त्यानं समजावलं. इंजिन गार असताना पाणी आतल्या आत फिरवायचं आणि नीट तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या वॉल्व्हचं काम. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहतं. इंजिन तापायला उशीर, हिटर त्याहून मागे.

"मग काढला कशाला?"

"सोलापूरची गाडी ना? बरोबर केलं त्यांनी. तो अडकला की उन्हाळ्यात गाडी उकळते. आम्हीपण काढतोच."

"आणि ज्याला हिटर लागतो त्यानं काय करायचं?"

"पुण्यात हिटर?" त्याला खरंच नवल वाटलं. "स्वेटर घाला की."

नवा वॉल्व्ह त्याच्याकडे नव्हता. नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे बघा म्हणाला. संगमावरचा पूल ओलांडून आम्ही तिकडे गेलो. पहिल्या दुकानदारानं मान हलवली, दुसऱ्यानं दुपारनंतर या म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं चष्मा कपाळावर सारला. "बाई, लोक आमच्याकडे हा वॉल्व्ह काढून कुठे टाकू विचारायला येतात. विकत मागणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मग त्यांनी काढलेल्यातला एक द्या."

"ठेवून घेतला असता तर दिला असता. मुंबईहून मागवतो. आठवड्यानं या."

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. भर पेठेत, हॉर्नच्या गलक्यात, मी दुसरे उपाय मोजायला लागले. रिक्षानं जावं तर ती दोन्ही बाजूंनी उघडी, आणि कंपनी पार हिंजवडीला. गरम पाण्याच्या पिशवीचं तर नाव काढायची सोय नव्हती. मी सगळ्या गावावर मनातल्या मनात चिडले. या उकाड्याला भिणाऱ्या लोकांनी आपापल्या गाड्यांतून ऊब उपटून फेकली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

चिडल्यामुळेच रस्ता चुकले आणि मंडईच्या तोंडाशी अडकले. पुढे कोबीची हातगाडी, मागे टेम्पो, डाव्या हाताला फुलवाल्या. एक म्हातारी वांगी निवडत रस्त्याच्या मध्येच उभी होती आणि हॉर्न दिला की आमच्याकडे दयेनं बघत होती. हिटरचा पंखा सकाळपासून चालूच राहिला होता. सुजातानं सवयीनं हात भोकाशी नेला आणि मागे घेतला नाही.

"मावशी, कोमट येतंय."

मीही हात नेला. खरंच कोमट होतं. आम्ही दोघी त्या कोबीच्या गाडीमागे यज्ञाला बसल्यासारख्या हात पुढे करून बसलो. मग वाट मोकळी झाली, शिवाजी पुलावर गाडीनं वेग घेतला, आणि पूल संपायच्या आत वारा पुन्हा गार झाला.

"गाडी मागे वळव," सुजाता म्हणाली.

"कोबीच्या मागे?"

"बुधवारात. थांबलं की तापतं, पळवलं की गार होतं. म्हणजे पुढून येणारा वारा रेडिएटर थंड करतोय. वाराच अडवू. पुठ्ठा लावू समोर." तिचा आवाज परीक्षेतलं पहिलं गणित सुटल्यावर येतो तसा आला होता. भूगोल शिकवणारीला वारा अडवायची अक्कल आपणहून सुचली नाही याचं मला जरा वाईट वाटलं.

बुधवार पेठेत तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानांची गर्दी झाली होती. दगडूशेठच्या दर्शनाची रांग एकीकडे आणि माउस, कीबोर्ड, केबल हातात घेऊन हिंडणारी पोरं दुसरीकडे. दुकानांच्या दारात मॉनिटरच्या खोक्यांची उतरंड रचलेली. एका काउंटरवर मी खोकं मागितलं.

"मॉनिटर घेणार असाल तर खोकं मिळेल."

"मॉनिटर नको. नुसतं खोकं."

"नुसती खोकी विकायची असती तर एवढा माल कशाला भरला असता?" त्यानं पेपर उघडला आणि आमचं बोलणं संपवलं.

बोळाच्या टोकाला तांबोळी म्हणून एक वयस्क गृहस्थ बिघडलेले मॉनिटर दुरुस्त करत बसले होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या याच पेठेतलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता हे. त्यांनी विचारलं, "कशाला हवंय, ताई?"

"आमच्या गाडीला थंडी वाजते."

ते इतके मनापासून हसले की हातातलं यंत्र खाली ठेवावं लागलं. "अहो मग गाडीला बदामाचा शिरा द्या," म्हणाले आणि चांगलं जाड खोकं काढून दिलं, वर सुतळीचा तुकडाही. चहा घेतल्याशिवाय मात्र सोडलं नाही. सुजाता त्यांच्या बाकावर बसून एका उघड्या मॉनिटरच्या आत बघत बसली आणि त्यांना प्रश्न विचारत राहिली. तेवढा वेळ तिला उद्याची आठवण नसावी.

पुठ्ठा आधी मी अख्खा लावला, कारण ऊब पाहिजे तर अर्धवट कशाला. शिवाजीनगरच्या चौकात काटा लाल रेघेला टेकला आणि आम्हाला बॉनेट उघडून कडेला उभं राहावं लागलं. सायकलवरून जाणारे एक काका थांबले. आत वाकून पाहिलं. "इंजिन पार्सलनं आलंय का?" विचारून निघूनही गेले. सुजातानं वहिनीच्या कात्रीनं खडकीत पुठ्ठा निम्मा कापला आणि संध्याकाळी दोन चकरा मारून किती उघडं ठेवायचं ते ठरवलं. शिवाय मला हुकूमही मिळाले. सकाळी गाडी चालू केली की जागेवर तापवत बसायचं नाही, लगेच सावकाश निघायचं. काटा हलेपर्यंत पंखा लावायचा नाही, नाहीतर आलेली ऊब तोच पळवतो. बाहेरची हवा आत घ्यायची खिट्टी बंद. मी सगळ्याला मान डोलावली.

परीक्षेच्या सकाळी खडकीत धुकं होतं. सुजातानं हात बादलीत बुडवून शेकले, वहिनीनं तिच्या हातांवर आपले लोकरीचे मोजे चढवले. तरी बोटं पुरती सरळ होत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती फार जपत होती. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. समोरच्या खिडकीत कानटोपी दिसली, पण आम्ही लगेच निघालो म्हणून असेल, बोलणं काही झालं नाही.

औंध येईपर्यंत गाडीत गारठा होता. मुळेवर धुक्याचा जाड थर होता आणि पूल मधूनच सुरू झाल्यासारखा वाटत होता. पुलापलीकडे काटा हलला. वाकडच्या रस्त्याला लागल्यावर सुजातानं पंखा एकावर ठेवला आणि ऊब आली. नुसती कोमट नाही, चांगली, इस्त्रीच्या कपड्यासारखी ऊब. तिनं मोजे काढले. दोन्ही हात भोकांवर धरले. आधी अंगठे मोकळे झाले, मग एकेक बोट. हिंजवडीच्या अलीकडे ती डॅशबोर्डवर टाइप केल्यासारखी बोटं वाजवायला लागली. मला फार आनंद झाला.

उसाच्या फडांमध्ये ती इमारत उभी होती, सगळी काचेची. पलीकडे बैल चरत होते. कोपऱ्यावर एका बाईनं चहाची टपरी टाकली होती. ती म्हणाली, "त्या काचंच्या इमारतीत जायाचं हाय व्हय? तितं आमचा ऊस हुता. आता तितली पोरं माज्याकडं च्याला येत्यात, गारठून." गारठून का, ते मी विचारलं नाही. सुजातानं माझा हात दाबला आणि आत गेली. तिचा हात गरम होता. मी टपरीवर बसून दोन चहा घेतले आणि स्वतःवर खूश होऊन बैल बघत बसले.

ती बाहेर आली ती इतर पोरांबरोबर बोलत, हसत. मी विचारलं, कसा गेला? "पूर्ण सोडवला," एवढंच म्हणाली. खडकीत वहिनीनं बांधून दिलेला डबा घेतला आणि आम्ही लगेच सोलापूरचा रस्ता धरला. आनंदाच्या भरात पुठ्ठा काढायचा राहून गेला. भर उन्हात, यवतच्या पुढे, गाडीनं वाफ सोडली. एका बाभळीखाली थांबलो आणि इंजिन निवेपर्यंत डबा उघडला. तेव्हा सुजातानं सांगितलं.

"मावशी, आत एसी होता. इतका गार की पोरांनी बॅगा छातीशी धरल्या होत्या. मी बसले आणि थोड्या वेळात माझी बोटं जायला लागली."

मी घास डब्यात परत ठेवला.

"मग मी हात वर केला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, सर, मला संधिवात आहे. एसी बंद केला नाही तर मला टाइप करता येणार नाही."

"सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"हो. ते म्हणाले, एसी माणसांसाठी नसतो, मशीनसाठी असतो. मी म्हटलं, मग परीक्षेला मशीनलाच बसवा." तिला आता त्याचं हसू येत होतं. "मागची पोरं हसली. एक जण म्हणाला, सर, आम्हालाही थंडी वाजतेय. मग सगळेच म्हणाले. त्यांनी एसी बंद केला. आणि जाताना माझं नाव परत विचारून घेतलं."

"कशाला?"

"ते कुठे सांगतात."

मला राग आला. तिचा नव्हे, नेमका कुणाचा ते कळेना. नाव विचारून घेतलं म्हणजे संपलंच, असं माझ्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "आपण एवढं केलं," मी म्हणाले. "वॉल्व्ह शोधला, पुठ्ठा बांधला, धुक्यातून आणलं. कुणाला कळू नये म्हणूनच ना?"

"केलंस ना. खूप केलंस," ती म्हणाली. "पण मावशी, गाडी दारापर्यंतच येते."

इंजिन निवलं, पाणी भरलं, आणि आम्ही निघालो. प्रवासात माणूस नवी गावं बघतो असं मी वर्गात सांगते. त्या दिवशी यवत ते सोलापूर मी एकही गाव पाहिलं नाही. शेजारी काच खाली करून, उन्हात हात बाहेर काढून बसलेली मुलगी तेवढी मधून मधून बघत होते. मी हिला इतकी वर्षं ओळखत होते आणि ही मला माहीत नव्हती. भीती वाटत होती, आणि अभिमानही वाटत होता.

दिवेलागणीला घरी पोचलो. माझी बहीण फाटकातच उभी होती. तिनं पेपरचं विचारलं नाही. आधी लेकीचे हात पाहिले आणि हळूच विचारलं, "कुणाला कळलं नाही ना?"

"सगळ्यांना कळलं, आई," सुजाता म्हणाली.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मला नीट सांभाळायला दिलेली वस्तू मी फोडून आणली, असं त्या बघण्यात होतं. निकाल लागायचा होता, तो कसा लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं. काहीतरी सावरून घ्यावं, तिथे तसं काही झालं नाही, पोर थट्टा करतेय, असं म्हणायला जागा होती, आणि दोन दिवसांपूर्वी मी ते नक्की म्हटलं असतं.

"मोठ्यानं सांगितलं तिनं," मी म्हणाले. "आणि मग पेपर पूर्ण सोडवला."